तुझा चेहरा काढताना

हैदराबाद, ७ मार्च १९५४

सौ. उमास आशीर्वाद.

माझी तब्येत बराबर आहे. आईचा खोकला थांबला का?

चित्रशाळेत पोरांत बसून पन्नाशीत शिकून राह्यलो. पोरं आजोबा म्हणतात, पण हात सुधरतोय.

काल मास्तरांनी घरच्या माणसाचं चित्र आठवणीतून काढायला लावलं. मी तुझं घेतलं. भाकरी वाढणारे हात, बांगड्या, पदराचा काठ जल्दी जमलं. चेहरा काही केल्या येईना. तीस वर्षं आई-दादांसमोर तू पदर ओढून वावरलीस, अन् मी खाली मान घालून जेवलो. दिवसाउजेडी तुला धड पाह्यलंच न्हाई.

चेहऱ्याची जागा कोरीच ठेवली.

एप्रिलात टेंभुर्णीला येतो. मंग भर दुपारी, पदर मागं सारून, ओसरीवर माझ्यासमोर बस. आई रागावली तर रागावू दे.

तुझाच,
गिरिधर