आठ म्हणजे आठ

२ फेब्रु., रविवार

आणि वर म्हणतो, तुझं काय जातं! माझंच तर जातं. हा तिसरा रविवार गेला.

सकाळी नऊला जिन्याखालून हाक. "भाचा, चाल ना रे. अर्धाच दिनना काम शे." भटू मामा काम काढायचं असलं की अहिराणी बोलतो, मिलमध्ये शिव्या द्यायच्या असल्या की हिंदी. आईचा चुलतभाऊ. त्यानेच मला इथे पांडेसऱ्यात कापडाच्या मिलला लावलं, आमच्या खात्याचा सुपरवायझर तोच, आणि डिंडोलीत त्याच्याच घरावरच्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्याने राहतो. मिलमध्ये तो, घरी आलो तरी खाली तोच. सुटणार कुठे? यापुढे भ.मा. लिहीन. पूर्ण नावाला शाई घालवायची नाही.

अर्धा दिवस संध्याकाळी सातला संपला. लग्नसराईच्या साड्या आहेत, स्टेंटर, म्हणजे कापड ताणून सुकवायचं मशीन, बंद ठेवायचा नाही म्हणे. चारच्या सुमाराला मला उभ्या उभ्या डोळा लागला. त्या मशीनची साखळी कापडाची किनार दोन्हीकडून धरते आणि भट्टीत नेते. तिने माझी बाही धरली. समोरच्या रामनरेशने लाल बटण दाबलं म्हणून...

शर्ट कोपरापर्यंत फाटला. मनगटावर भाजल्याचा चट्टा. हात आहे.

भ.मा. आला, बघितलं, म्हणाला, "शर्ट जुनाच होता."

३ फेब्रु., सोम.

फाटलेली बाही फेकली नाही. दाराच्या खिळ्याला लटकवली आहे. रोज निघताना दिसली पाहिजे.

चहाच्या वेळी भ.मा.ला सगळ्यांसमोर सांगितलं. दोनच गोष्टी. एक, रविवारी येणार नाही. दोन, संध्याकाळी आठ वाजले की मी निघणार, गोकुळ आलेला असो नसो.

गोकुळ म्हणजे माझा बदलीवाला, शिरपूरकडचा. माझी दिवसपाळी आठ ते आठ, नंतर मशीन त्याच्या हातात. पण तो रोज पावणेनऊ, नऊला उगवतो. बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा मिलचा रिवाज. म्हणून सहा महिने रोजचा एक तास मी उभा. फुकट.

भ.मा. हसला. "शेठ झालास का रे? गोकुळ बायकापोरांचा माणूस आहे. तू सडाफटिंग. घरी जाऊन तू करणार काय?"

"काही नाही करणार."

"मग?"

"मग तेच. काही न करायला जाणार."

रामनरेशच्या नाकातून चहा आला.

५ फेब्रु., बुध.

केलं आज.

पावणेआठला माझ्या मशीनवरचा लॉट संपत आला. नवीन ताका, म्हणजे कापडाचा तागा, शिवून जोडायचा असतो म्हणजे कापड तुटत नाही, मशीन चालूच राहतं. जोडला नाही. शेवटचं कापड बाहेर पडलं, घडी लावली, हात धुतले. आठला दोन मिनिटं.

भ.मा. धावत आला. "जोड! जोड बे!" (हिंदी चालू.)

"गोकुळ जोडेल."

"भट्टी तापलेली आहे, गॅस जळतोय!"

"मी पण सहा महिने जळतोय."

हे आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. आठवी सोडलेला माणूस आहे मी, पण घड्याळ वाचता येतं. गेटवरच्या घड्याळात बरोबर आठ.

बाहेर आलो. नाक्यावर आलूपुरीच्या दोन प्लेटा खाल्ल्या. मग ओट्यावर बसून राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षा बघत. एक तास. माझा तास होता तो. बसायला नीट जमलं नाही, सारखं घड्याळ बघत होतो. सवय करावी लागेल.

६ फेब्रु., गुरु.

भ.मा.ने माझं काही कापलं नाही. गोकुळचा अर्धा दिवस कापला.

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं नुकसान शेठचं होईल.

गोकुळ आज आठला पाच कमी असताना हजर. माझ्याकडे बघितलं नाही. मीच गेलो जवळ. तर म्हणाला, "खूश ना भाऊ? माझ्या पोटावर पाय दिलास."

त्याची ऑम्लेट-पावची लारी, म्हणजे हातगाडी, आहे डिंडोलीत. गिऱ्हाईक साडेसात ते साडेआठ, तेवढाच एक तास. तोच तास मी देत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. दोघांचं ठरलं होतं, भ.मा.चं आणि त्याचं.

मी म्हणालो, "तुला नऊची पाळी पाहिजे तर भ.मा.कडून माग. माझ्याकडून कशाला घेतोस?"

"मागितली तर काम जाईल माझं."

"माझा हात जात होता."

तो मशीनवर गेला. त्याचे डोळे लाल होते, कांद्याने की माझ्यामुळे कळलं नाही.

रागही येतो त्याचा आणि... जाऊ दे.

७ फेब्रु., शुक्र.

आईचा व्हिडिओ कॉल. मामीने गावाकडे लावून दिलं असणार. आई सुरुवातीलाच चढली. "कसाले बोलना रे तू मामाले? त्यानीच तुले कामले लाई दिधं ना?"

मी बाहीचं सांगितलं नव्हतं तिला. आज सांगितलं.

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "हात दखाड."

दाखवला.

"दुसरा."

दुसराही दाखवला. तिने बोटं मोजली बहुतेक. ओठ हलताना दिसले.

मग म्हणाली, "पैसा कमी धाड. चालस." आणि फोन ठेवला. मामाबद्दल पुढे एक शब्द नाही.

९ फेब्रु., रविवार

मुद्दाम दार उघडं ठेवलं. लपून बसायचं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून दाढी करत होतो, तेव्हा हाक आली. आज अहिराणी नाही.

"चप्पल घाल."

"आज नाही, मामा."

"खोली कुणाची आहे?"

"तुमची. भाडं कुणाचं आहे?"

मामी खालून म्हणाली, "बघा, बघा, जीभ बघा याची." दर रविवारी वाटीभर डाळ वर यायची. आज आली नाही. पाण्याची मोटारही लावली नाही. अर्धी बादली होती, तिच्यात अंघोळ, त्याच पाण्यात बनियन. भ.मा. बाईकवर एकटाच मिलला गेला. जाताना बघितलं त्याच्याकडे. थकलेला दिसला. त्यालाही कुणीतरी हाक मारत असणार. पण तो "ओ" देतो, त्याला मी काय करू?

दुपारी झोपलो. तीन तास. उठलो तेव्हा वार कोणता ते आठवेना. किती दिवसांनी!

१० फेब्रु., सोम.

स्टेंटरवरून काढलं. "ऑपरेटरचा रेट सांगितलं की थांबणाऱ्याला असतो," भ.मा. म्हणाला. मला गोदामात टाकलं, कोऱ्या कापडाचे ताके उचलायला. हेल्परचा रेट. स्टेंटरवर माझ्या जागी नवा माणूस.

ठीक. ताके जड आहेत, पण ते बाही धरत नाहीत. आणि गोदाम आठलाच बंद होतं.

रामनरेशने आज आठला त्याच्या मशीनवर नवीन ताका जोडला नाही. गेटवर भेटला, एवढंच म्हणाला, "भैया, हमारा भी बज गया."

पगार झाला. अजून पाठवला नाही.

१२ फेब्रु., बुध.

गोकुळ गोदामात आला. कागदात ऑम्लेट-पाव. "खा. थंड झालंय."

मी म्हणालो, "पोटावर पाय देणाऱ्याला खायला घालतोस?"

"गप खा." मग पेटीवर बसला. नवा माणूस दुसऱ्याच दिवशी नऊपर्यंत थांबायला नाही म्हणाला, म्हणे. आता लारी बायको एकटी बघते, मुलगी मांडीवर, आणि समोर तापलेला तवा. काल तेल उडालं. मुलीला नाही लागलं, बायकोला लागलं.

"मामाशी बोलायचं नऊ ते नऊचं. मी एकटा गेलो तर उडवेल. तू चल सोबत. शनिवारी, आठनंतर थांब जरा."

"आठनंतर मी थांबत नाही."

त्याने बघितलंच माझ्याकडे.

"साडेसातला ये," म्हणालो. "आठच्या आत बोलू."

हसला साला. आठवड्यात पहिल्यांदा.

१५ फेब्रु., शनि.

साडेसातला तिघं गेलो. रामनरेश न बोलावता आला. गोकुळ बोलला. हळू, पण पूर्ण बोलला. नऊ ते नऊ पाहिजे, मधला तास रामनरेश आणि नवा माणूस आळीपाळीने बघतील, पण त्या तासाचे पैसे मिळाले पाहिजेत. मी एवढंच म्हणालो की मला स्टेंटरवर परत घ्या, आठ ते आठ, रविवार सोडून.

भ.मा.ने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "शेठला विचारतो. सोमवारी सांगतो." मग माझ्याकडे वळून, "उद्या येतोस?"

"नाही."

"मग सोमवारी खोलीचंही बघू."

म्हणजे सोमवारी एकतर मशीन परत, नाहीतर मशीन, काम, खोली सगळंच जाणार. सचिन नावाच्या भागात एक मिल माणसं घेतेय असं रामनरेश म्हणतो. तिथे मामा नाही. पण तिथेही बदली उशिरा येतच असणार. तिथेही आठलाच निघेन.

१६ फेब्रु., रविवार

नऊ वाजले. हाक नाही. भ.मा. घरातच आहे, खोकल्याचा आवाज येतो. बाईक अंगणात. कामालाच गेला नाही का आज?

साडेनऊला मोटार चालू झाली. मामीने लावली की त्याने, वरून दिसलं नाही. दोन्ही बादल्या भरल्या, पिंप पण भरून ठेवलं. उद्याचं माहीत नाही.

खिळ्यावरची बाही वाऱ्याने हलते. काढणार नाही. खोली सोडावी लागली तर सोबत नेईन.

आता नाक्यावर जाऊन आईला पैसे धाडतो. दर महिन्याला नऊ हजार जायचे. पुढचा पगार गोदामाच्या रेटने, आणि दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट लागलं तर, म्हणून या वेळी थोडे ठेवून. तिला सांगेन, दोन्ही हातांनी पाठवलेत.

६,८०० रु.