माझ्या धवल्यावर बिनशर्टाचा बाप्या

सोमवार, ९ फेब्रुवारी

आणि वर हसतो दशरथभाऊ! भिवपुरीच्या हळदीला मी धवला गायले, आमचं लग्नातलं लांबलचक गाणं, घसा बसेपर्यंत. शूटिंग त्याचंच. आज नेरळला त्याच्या टीव्हीवर बघायला गेले, तर माझ्या गाण्यावर बिनशर्टाच्या गोऱ्या बाप्याचा फोटू. खाली नाव माझं— गोदा.

म्हणे, "टीव्हीला जोडलेला हा गाण्या-पिक्चरांचा डबाच नेटवर नाव शोधतो नि सापडेल तो फोटू चिकटवतो, गोदाबाई. मला कुठे वेळ मिळतो बघायला?"

डबा उचलला, पिशवीत घातला, घरी आणला. भाची ऋतिका कर्जतला कम्प्युटर शिकवते. ती बघेल.

मंगळवार, १०

ऋतिका उद्या येणार. या पोरींना वेळच नाय.

बुधवार, ११

लॅपटॉपला लावलं. गाणी-पिक्चर एकीकडे, त्यांची यादी निराळ्या बारक्या फायलीत. नाव, फोटू, किती वेळा पाहिलं, शेवटचं कधी— रकानेच रकाने, पोरांच्या हजेरीसारखे.

"यादी पुसून नवी करते, आत्या. गाण्यांना काय होत नाय. मोजणी तेवढी शून्य होईल."

"कसली मोजणी गं?"

दाखवली. दशरथभाऊच्या पोराचं लग्न— एकदा. बैलांची शर्यत— दोनदा. गोदा— त्रेसष्ट.

मी म्हटलं, डबा आपोआप वाजत असेल.

"नाय. शेवटपर्यंत पाहिलं तरच एक धरतो. अर्ध्यात सोडलं तर धरत नाय." मग हळूच, "तुझा धवला पाऊण तासाचा ना गं?"

तिला चहा टाकायला पिटाळलं. नि रकाना पुन्हा वाचला. शेवटचं पाहिलं परवाच्या रविवारी, सकाळी साडेसहाला. म्हणे वेळ नाय! माझे हे जाऊन अकरा वर्षं झाली, त्याची बायको जाऊन सहा. आणि मला हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका फायलीनं सांगावं.

ऋतिकाला बजावलं— काय पुसायचं नाय. राहू दे तो बाप्या तिथंच.

"आत्या, तू लाजतेस?"

"गप चहा पी."

गुरुवार, १२

तीन भाकऱ्या करपल्या. हसत बसले होते.

शुक्रवार, १३

ऋतिकाच्या हाती डबा परत पाठवला. सोबत चिठ्ठी. इथं उतरवून ठेवते—

दशरथ,
भाऊ म्हणणं आजपासून बंद. तुमी माझा धवला त्रेसष्ट वेळा शेवटपर्यंत बघितला, डब्यात लिहिलेलं हाय. नाय म्हणू नका. माझ्याशी लग्न करायचं हाय का नाय? फोनवर नको. रविवारी संध्याकाळपर्यंत दारात येऊन सांगा.
गोदा