अण्णांची दुसरी फळी

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण पोचलं. तू घडवलेलं व्हायोलिन, ते वाजवणारे मोठे वादक आणि कोपऱ्यात मान वेळावून उभी असलेली तू, फोटो छान आला आहे. समोरचा किल्लीवाला येऊन माझं अभिनंदन करून गेला. त्या वेळी माझ्या हातात, कुणीतरी वर बसून मोडलेल्या व्हायोलिनची मान होती. मी हसले, आत गेले आणि उगाच कपाट आवरत बसले. खरं सांगू, पोटात दुखलं. थोरल्या बहिणीला हे शोभत नाही, पण दुखलं.

आता तुझ्या मागणीबद्दल. दुरुस्तीचं दुकान माझ्या हाती देताना अण्णांनी जुन्या, मुरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या काढल्या आणि नवं व्हायोलिन करा म्हणून दोघींना एकेक दिली. तू तुझी घेऊन शहर गाठलंस, तिचं काय झालं ते पेपरात आलंच. माझी कपाटावर आहे. तुला नवी ऑर्डर आली, तसं लाकूड कुठे मिळेना, आणि मला ते नाहीतरी लागत नाही म्हणून तू मागते आहेस. मिळणार नाही.

अण्णा ठीक आहेत. ऐकू आता अजिबात येत नाही, त्यामुळे आमची भांडणं बंद पडली आहेत.

लोभ आहे, फळी नाही.
तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. त्या फळीचं काय लोणचं घालणार आहेस? दुकानातून सवड मिळत नाही हे तू गावाला सांग, मला नको. तू फळी खाली काढतेस, फडक्याने पुसतेस, बोटाने ठोकून कान लावतेस आणि परत वर ठेवतेस. मी लहानपणापासून तुला ओळखते. तू घाबरतेस.

म्हणून माझी अट ऐक. उन्हाळा लागेपर्यंत कापलीस तर तुझी, नाहीतर पार्सल करून इकडे पाठव. यात माझा मोठेपणा काही नाही, मला ते लाकूड हवं आहे. अण्णांना नमस्कार.

राग धर, पण लाकूडही धरून बसू नकोस.
तुझी,
भिंगरी

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राने नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याच दिवशी फळी खाली काढली. नंतर बरेच दिवस मी फक्त पटाश्यांना धार लावत होते. शेवटी अण्णांनी विचारलं, कुणाचा खून करायचा आहे का. मी हसले आणि परत धार लावत बसले.

तुला हे कळायचं नाही. माझ्यापुढे येतं ते आधीच मोडलेलं असतं. कुठे काय करायचं ते तो मोडकेपणाच सांगतो, आणि चूक झाली असेल तर ती दुसऱ्याची असते. या लाकडात एकही दोष नाही. जो होईल तो माझा, आणि दुसरी फळी नाही. तुझं कात्रण मी भिंतीला चिकटवलं आहे. कौतुकाने नव्हे. हात थांबला की त्याकडे बघते, अंगाचा तिळपापड होतो आणि हात चालू लागतो. शेवटी फळी कापली, आणि काल व्हायोलिनच्या पाठीची दोन अर्धुकं रंध्याने सरळ करून मधोमध चिकटवली.

लोभ असू दे, सल्ले नकोत.
तुझी,
ताई

११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. सल्ले वाचले नाहीत.

संपलं सगळं. परवा तारा चढवल्या, हळूहळू ताणल्या, आणि पाठ मधोमध उकलली. आवाजही फारसा झाला नाही. लगेच कारण कळलं नाही, मग सरसाच्या भांड्याकडे नजर गेली. दुरुस्तीला आपण सरस पातळच करतो, पुढे कधी उघडायची वेळ आली तर जोड लाकूड न फाडता सुटावा म्हणून. मधला जोड मात्र जन्माचा असतो, त्याला घट्ट सरस लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी सवयीने सगळीकडे पातळच लावला. सवयीने म्हणते खरं, पण मला वाटतं मी मनातून परतीची वाट ठेवत होते.

तू असतीस तर असं झालं नसतं, हेच जास्त लागलं. पाठ आता सोडवून ठेवली आहे. सोमवारी दोन्ही अर्धुकं पार्सल करते. तू जिंकलीस.

लोभ ठेव, कीव नको.
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल करू नकोस. केलंस तर मी परत पाठवीन.

हे मला लिहायचं नव्हतं. फोटोतलं माझं व्हायोलिन आतून खरखरतं आहे. आतली एखादी पट्टी सुटली असावी. वादकांनी दोनदा सांगितलं, मी हवेमुळे होतं म्हणून वेळ मारून नेली. उघडलं की नीट होईल, पण ते उघडतच नाही, कारण मी वरची फळीसुद्धा घट्ट सरसाने बसवली आहे. आत कुणी डोकावू नये म्हणून. सुरी घातली तर लाकडाचे धलपे निघतील. तुझा जोड मात्र एकही कण न सांडता सुटला. तू हाताने काहीही उघडतेस आणि पुन्हा मिटतेस, याचा मी लहानपणापासून हेवा करते आहे. कात्रण मी काय हौसेने पाठवलं असं वाटलं तुला?

जोडावर रंधा फिरव आणि घट्ट सरस लाव. वाट ठेवू नकोस.

लोभ राहू दे, तो तरी पक्का लाव.
तुझी,
भिंगरी

९ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

लावला. ब्रश टेकवण्याआधी एकदा मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन आले. मग परत येऊन लावला. आता मागे फिरणं नाही. तू सुट्टीत येताना तुझं व्हायोलिन आण, मी उघडते. कुणाला सांगणार नाही.

वाट बघते.
ताई

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वादकांकडून मागून आणलेलं माझं व्हायोलिन तुझ्याकडे ठेवलं आहे, ते सांभाळून उघड. तुझ्याकडे असताना मी तुझ्या व्हायोलिनबद्दल फार बोलले नाही. पॉलिशची तारीफ केली आणि खालची तार जरा दबलेली वाटते म्हटलं. ते खोटं होतं. ती तार दबलेली नाही. तू गज ओढलास, अण्णांनी कंप जाणवावा म्हणून व्हायोलिनच्या पाठीवर तळहात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. माझ्या व्हायोलिनवरून त्यांनी तो लगेच काढला होता. मी बघत होते.

ताई, ते माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे. गाडीत मला खाववलं नाही. इथे येऊन नवी ऑर्डर समोर घेतली तर हातच उठेना. आता घाबरायची पाळी माझी.

लोभ असावा, पण काही दिवस तुझी खुशाली कळवू नकोस.
तुझी,
भिंगरी

१८ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. ते कात्रणाशेजारी लावलं आहे, पुढच्या कामाला लागेल.

तुझं व्हायोलिन काल सुटलं. वेळ लागला, पण धलपा निघाला नाही. सुटलेली पट्टी बसवली. आत इतकं सुबक काम आहे की मी बराच वेळ आरसा घालून बघत बसले, आणि पोटात पुन्हा दुखलं. हे लपवायला तू एवढा सरस ओतलास? वरची फळी मी पातळ सरसाने बसवते आहे. पुन्हा बिघडलं तर इकडे यावंच लागेल.

अण्णांनी आपली हातपटाशी माझ्याकडे दिली आणि तुला पाठव म्हणून खुणावलं. सोबत पाठवते. धार मी लावली आहे, कापायला तू लाग.

लोभ असू दे, आणि थोडी जळजळही.
तुझी,
ताई