होय, नाही आणि कळवतो

मिरजगाव, ता. कर्जत
१३ नोव्हेंबर १९९९

प्रिय पंकजदादास प्रशांतचा सविनय जय भीम.

इकडे सर्व खुशाल. मामीचे गुडघे कसे आहेत? तुझी पुण्याची नोकरी, तुझी स्कूटर आणि तुझी तत्त्वं, तिन्ही सुखरूप असावीत. तत्त्वांची मला जास्त काळजी वाटते, कारण ती राहतात तुझ्याकडे आणि त्रास देतात मला.

आपल्या समाजाची वधूवर वेबसाईट तू करून दिलीस, उपकार झाले. माझ्या एसटीडी बूथमधल्या एकुलत्या एका संगणकावर लोक आपला नंबर येईपर्यंत स्थळं बघत बसायचे. वेबसाईट संगणकात एक छोटी खूण ठेवायची (तू तिला कुकी म्हणतोस), त्यामुळं आधी बघितलेली स्थळं तिच्या लक्षात राहायची. कुणाची तक्रार नव्हती. मग तुझं पत्र आलं. परदेशात माणसाची माहिती ठेवण्यावर कायदे झालेत, उद्या इकडेही होतील, न विचारता खूण ठेवणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून भिंतीवर लिहून येणं, वगैरे. फार सुंदर. आणि तू पुण्यात बसून प्रत्येक बायोडाटाच्या माथ्यावर प्रश्न टाकलास: ‘या संगणकात आमची खूण ठेवू का? होय / नाही.’

दादा, लग्न जुळवायच्या ठिकाणी तू ‘नाही’चं बटण ठेवलंस. आपल्याकडे स्थळाला आजवर कुणी तोंडावर नाही म्हटलंय का? माणसं चहा संपवतात, ‘कळवतो’ म्हणतात आणि एसटीत बसतात. सहादूमामांनी (तीन वर्षं मुलासाठी मुली बघताहेत, अजून सगळ्यांना कळवायचं बाकी आहे) तो प्रश्न एका मुलीच्या फोटोवर वाचला आणि माऊसवरचा हात काढला. "व्हय म्हणावं तर शब्द दिल्यासारखं हुतं, न्हाई म्हणावं तर पोरीच्या बापाला काय वाटंल? घरी इचारून सांगतो." बनुबाईंनी लेकीसाठी एक मुलगा बघताना ‘होय’ दाबलं आणि दुसऱ्या दिवशी साखरपुड्याची तारीख विचारायला बूथवर आल्या. त्यांची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी तुला फोन करून मी तिसरं बटण घालून घेतलं: ‘कळवतो’. आता सगळे तेच दाबतात आणि समाधानानं घरी जातात. तुझ्या प्रोग्रॅमला कळवतो म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून तो पुढच्या बायोडाटावर पुन्हा विचारतो, लोक पुन्हा कळवतो म्हणतात. सहादूमामांनी एका दुपारी चाळीस वेळा दाबलं आणि मशीन लई संस्कारी हाय असा दाखला दिला. परदेशी कायदा मिरजगावात असा पाळला जातोय. सगळ्यांना विचारलं जातं, कुणी उत्तर देत नाही आणि वेबसाईटला काही आठवत नाही.

तरी तो प्रश्न तेवढा काढून टाक, ही हात जोडून विनंती. मामा-मामींना जय भीम सांग.

तुझा धाकटा आतेभाऊ,
प्रशांत

ता. क. : ‘नाही’ दाबणारं एक माणूस निघालं. आमच्या शाळेत कर्जतच्या दीपा नावाच्या नव्या शिक्षिका आल्यात, दर शनिवारी घरी फोन करायला येतात. मनात भरल्यात, तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांनी माझा बायोडाटा उघडला (तो तू मला न विचारता टाकलास, तेव्हा तत्त्वं कुठं होती?), सगळा वाचला आणि माझ्यादेखत ‘नाही’ दाबलं. तीन आठवडे मला अन्न गोड लागत नाही. वरचं सगळं त्याच रागात लिहिलंय.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात त्या आल्या. मी धीर करून विचारलं. म्हणाल्या, "खूण ठेवू का विचारलं, नको म्हटलं. सगळं गाव बसतं या संगणकावर. मी कुणाचा बायोडाटा वाचते हे त्यात कशाला ठेवायचं? बाकीचं तुम्ही विचारलंच नाही."

तेव्हा प्रश्न राहू दे, चांगला आहे. पुढच्या रविवारी मामांना घेऊन कर्जतला ये, दीपाबाईंच्या वडिलांना रीतसर विचारायचं आहे. येतोस की नाही ते स्पष्ट लिही. ‘कळवतो’ लिहू नकोस.