मीठफुलांची वही

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
ठाकुर्ली, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. लक्ष्मीस, जयाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल पोचलं. लुगडं एक, सुके बोंबील अर्धा किलो, देवीचा अंगारा आणि मीठफुलांची वही. टपाल ब्याण्णव रुपये. माझा प्रितम परवाच तुमच्याकडे आलेला, त्याच्याकडे दिलं असतंस तर वाचले असते. पण साखरपुड्याआधी मुलीकडची वही मुलाच्या हातून येत नाही हा आपला नेम, म्हणून रागवत नाही. फोनवरचं पोरं वाचतात, म्हणून मीही पत्रच लिहिते.

प्रितमच्या कपाळावरची जखम सहा महिने भरेना. तुकडा तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. लवकर कळलंय, कापून बरा होईल म्हणतात. पण डॉक्टर मैथिलीबाईंनी त्याच्या हातावरची मीठफुलं पाहिली आणि विचारलं, तुमचं लग्न नात्यातलं का? मी सांगितलं, साटंलोटं आहे. मला आत्याच्या मुलाला दिली आणि तिच्या मुलीला, म्हणजे तुला, माझ्या भावाला दिली. त्या म्हणाल्या, एक विषाणू बहुतेकांच्या अंगावर असतो, गप पडून असतो. आईबाप दोघांकडून तोच दोष आला तर अंग त्याला आवरू शकत नाही. चट्टे उठतात, पुढे ऊन लागून त्यातलेच काही बिघडतात. नवराबायको दोघं तशी असली तर एकही मूल सुटायचं नाही.

आणि आपण मिठागरातली माणसं त्या चट्ट्यांना मीठफुलं, देवीची फुलं म्हणत आलो. फुलं बघून सून केली.

आज पूजा झाल्यावर वही उघडली. दर नवरात्रातल्या अष्टमीला मोजलेली फुलं. बाबांच्या नावापुढे ऐंशी, शंभर, एकशे चाळीस, आणि पुढच्या अष्टमीला नावच नाही. तुझ्या आईचंही तसंच. देवीने लवकर नेलं, असं आपण कौतुकाने सांगायचो. बाबांच्या तोंडावरचं फडकं शेवटपर्यंत कोणाला काढू दिलं नव्हतं, आठवतं ना?

शेवटचं पान तुझ्या अक्षरात आहे. रसिका: एकवीस, चाळीस, त्रेसष्ट. तिचा नि प्रितमचा साखरपुडा मी थांबवते. पोरीला आधी डॉक्टरांना दाखव.

तुझी,
जया

बाळकुम, ८ फेब्रुवारी

ती. सौ. जयाताईंना, लक्ष्मीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र देव्हाऱ्यापुढे बसून वाचलं. एक कबूल करते. वहीतले आकडे खोटे आहेत. रसिकाच्या अंगावर मी कधी एकही फूल पाहिलं नव्हतं. बिनफुलांची मुलगी तुम्ही करून घेणार नाही, या भीतीने दर अष्टमीला मनाला येईल तो आकडा टाकत गेले. तुमच्या भावालाही माहीत नाही.

म्हणून आधी हसूच आलं. म्हटलं, माझी पोर सुटली. तरी खात्री करावी म्हणून काल ती न्हात असताना पाठ चोळून द्यायला गेले. बारा वर्षांनी पाहिली तिची पाठ. ती शांतपणे म्हणाली, "नवरात्र झालं की वाढतात गं. तूच वहीत लिहितेस, म्हणून मला वाटलं तुला माहीत आहे."

बोटाला कुंकू लावून, एकेक टिपत मोजली. दोनदा मोजली. चुकावी म्हणून तिसऱ्यांदा मोजली. त्रेसष्टच भरली.

प्रितमच्या कपाळासाठी नारळ ठेवलाय, तो बरा होईल. वहीचं विसर्जन करू नका, मैथिलीबाईंना दाखवा. मी आता काही लिहीत नाही. पण जपाला बसलं की पुढच्या अष्टमीचा आकडा आपोआप मनात येतो, मी तो घालवते आणि तो परत येतो. कोणता ते विचारू नका.

माझ्यावरचा लोभ यामुळे उणा करू नका. मैथिलीबाई कोणत्या वारी बसतात, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
लक्ष्मी