मोठी भांडी, लहान भांडी आणि एक मधलं

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे हे दाखल्यावर अवलंबून, व्यवसाय साप्ताहिकात लोकांना टोचून लिहिणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाखाली नसताना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचं वकिलांना स्पष्ट लिहून हवं होतं. डोकं ठिकाणावर आहे. ठिकाण नेमकं कोणतं, ते अजून कळायचं आहे.

कारण असं की येत्या बुधवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. सर्जन म्हणाले, "लहान आहे, लिंबाएवढी." मी विचारलं, कोणत्या लिंबाएवढी, आमच्या बाजारात सुपारीएवढं पण मिळतं आणि मुठीएवढं पण. ते हसले आणि त्यांनी फाईल मिटली. लहान म्हणजे केवढं, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तेवढ्याच एका गोष्टीचा आहे.

कलम एक. राहती जागा आणि बँकेत असेल नसेल ते माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीला घरात सगळे लहानी म्हणत आले आणि मला मोठी. भाचीने जागा विकली तरी हरकत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या बाईंना विकू नये. त्यांनी माझा केक खाऊन "पौष्टिक लागतोय" असं म्हटलं होतं.

कलम दोन. माझी चांगली कात्री तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना द्यावी. (हे कलम खोडलं आहे. शिंपीकाका साक्षीदार व्हायला तयार झाले, आणि वकील म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिलं तर ते देणं बाद होतं. शिंपीकाका म्हणाले, "मग आत्ताच दे की, मी कुठे मरायची वाट बघतोय." कात्री दिली. ती कपाटात शोधत बसू नये.)

कलम तीन. लहान भांडी, म्हणजे केकचे लहान टिन, साचे आणि वाट्या, हीसुद्धा भाचीला. ती एका खोलीत राहते, फ्रिजच्या डोक्यावर तिचा ओव्हन आहे आणि खाणारं तोंड एकच आहे. माझंही एकच आहे. एकट्या माणसाने नऊ इंची केक करणं म्हणजे काय ते मी भोगलेलं आहे: पहिल्या दिवशी केक, दुसऱ्या दिवशीही तोच, आणि पुढे जिन्यात माझी चाहूल लागली की शेजारी दिवे मालवतात. म्हणून मी थोडंसंच करता येईल अशी भांडी घेत गेले. प्रत्येक वेळी चुकले. भाचीने तरी चुकू नये म्हणून कोणतं भांडं कसं आहे ते इथे लिहिते. वकिलांच्या मते याची गरज नाही. वकील केक विकत आणतात.

साडेचार इंची गोल टिन: हा मी भांडीवाल्याच्या शब्दावर घेतला. मी म्हटलं, "नऊ इंचीच्या निम्मं हवंय." तो म्हणाला, "नवाचं निम्मं साडेचार, हे घ्या." मला पटलं. कोणालाही पटेल. घरी येऊन निम्मं मिश्रण ओतलं तर निम्मं भांड्यात आणि निम्मं ओव्हनच्या तळाशी. गोल भांडं रुंदीने निम्मं झालं की पोटाने पावच उरतं. तेव्हा भांड्याची रुंदी विचारू नये, त्यात पाणी किती मावतं ते बघावं. हा टिन लहर आली म्हणून केलेल्या, अंडं न घातलेल्या केकला ठीक.

काळा पातळ टिन: दिसायला देखणा, कडा जाळतो. लहान भांड्यातलं तसंही लवकर होतं, त्यात हा. कृतीत लिहिलेल्या वेळेवर विसंबू नये, वास आला की उघडून बघावं. सुट्या तळाचा टिन: गळतो. का ठेवला आहे ते मलाही माहीत नाही. चिनीमातीच्या वाट्या: पुडिंगला उत्तम, आणि कोणी बघत नसेल तर चहालाही. खळग्यांचा ट्रे: सगळे खळगे भरायची सक्ती नाही, रिकाम्यांत थोडं पाणी घालावं. अंडं निम्मं लागलं तर फेटून निम्मं घ्यावं. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, हे मी वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, "हे माझ्या कक्षेत येत नाही."

इतकी भांडी झाली, पण जे हवं ते एकही नाही. नऊ इंचीच्या बरोबर निम्मं, जाड, फिकट रंगाचं, न गळणारं. जाड, फिकट, न गळणारं एक मी पाहिलेलं आहे, निम्मं होतं का ते मोजलं नाही. ते कलम चारमध्ये येईल.

कलम चार. मोठी भांडी. ही आमच्या बाबांच्या बेकरीतली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती. शेवटी एकदा त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "मोठ… लहान… भांड…" त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. अर्धवट शब्द पुरा करायची सवयच होती. मी तिथल्या तिथे सांगितलं: मोठी भांडी मोठीला, लहान भांडी लहानीला.

वाटणी झाली. माझं लग्न झालं नाही, मला परातीएवढे टिन, त्यांतला सगळ्यांत लहान तो नऊ इंची. लहानी पडली भरल्या घरात, सासूसासरे, दीर, जावा, पोरं, तिला एवढे एवढे साचे. बाबांनी असं का म्हणावं हे दोघींनाही कळलं नाही, पण मरत्या माणसाचा शब्द, कोण बदलणार. शेवटी एक भांडं राहिलं, मधलं. मी म्हटलं ते मोठ्यांत जातं. ती म्हणाली लहानांत. मी म्हटलं, "तुला मोठं-लहान कधी कळलंय?" ती म्हणाली, "तुझ्यासमोर कोणाला मोठं होता आलंय?" ते भांडं पिशवीत घालून ती गेली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या बातम्या भाचीकडून ऐकतो.

म्हणून: मोठी भांडी भंगारात घालावीत. लहानीला या मृत्युपत्रातून काहीही देऊ नये.

कलम पाच, म्हणजे खरं तर कलम नाही, झालेली हकिगत. वरचं सगळं लिहून झाल्यावर वकील म्हणाले, "आणखी एक साक्षीदार हवा. ज्याला यातून काहीच मिळत नाही असा." मी म्हटलं, एक आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा लहानीला स्वतःहून फोन केला. वाटलं होतं नाही म्हणेल. ती म्हणाली, "येते," आणि फोन ठेवला. म्हणजे ऑपरेशनचं तिला आधीच माहीत होतं. भाचीच्या पोटात काही राहत नाही.

ती आज दुपारी आली. चष्मा लावला आणि सगळं वाचलं. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, सही करताना बघितलं की झालं, असं वकील म्हणत होते. कलम चारवर ती थांबली.

"भांडी?" ती म्हणाली.

"भांडीच. तुझ्यासमोर म्हणाले."

"ताई, ते 'भांड' एवढंच म्हणाले. 'ई' तुझी."

"मग दुसरं काय म्हणणार होते?"

"मला वाटलं होतं, भांडू नका म्हणताहेत. मोठे, लहाने, भांडू नका. पण तू इतकी ठासून बोललीस की मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं."

शिंपीकाकांना ठसका लागला. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं.

बाबा नक्की काय म्हणाले ते मला माहीत नाही. लहानीलाही खात्री नाही, तिनेच तसं सांगितलं. भांडीही असू शकेल. मी हे शपथेवर लिहायला बसले आहे आणि माझ्याकडे एक अख्खा शब्दसुद्धा नाही.

मग तिने पिशवीतून मधलं भांडं काढलं. म्हणाली, "हे मोठं का लहान ते एकदाचं ठरवून टाक. ठरलं की सही करते." शिंपीकाकांनी गळ्यातला टेप काढला: साडेसहा इंच भरलं. त्यावरून काही ठरेना. मी कलम तीनमधला माझाच सल्ला ऐकला आणि ते भांडं नळाखाली धरलं, बाबांच्या नऊ इंचीत ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. नऊ इंची काठोकाठ भरलं आणि थोडं पाणी या कागदावर सांडलं. वरचा डाग त्याचा आहे, त्याला खाडाखोड समजू नये.

म्हणजे मी दुकानोदुकानी जे निम्मं शोधत होते, ते एवढी वर्षं लहानीच्या फळीवर होतं. आणि तिकडे ती तेवढ्या माणसांसाठी लहान साच्यांत घाण्यावर घाणे काढत होती. "पहिला घाणा खाऊन संपतो तरी शेवटचा ओव्हनमध्येच असतो," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरी मोठं भांडं नव्हतं का?"

कलम सहा. कलम चारमधलं भंगार रद्द. माझी सगळी मोठी भांडी माझ्या बहिणीला, लहानीला, मिळावीत.

(हे कलम खोडलं आहे. वकील म्हणाले, "त्या साक्षीदार आहेत. देणं बाद होईल." मी म्हटलं दुसरा साक्षीदार आणू. लहानी म्हणाली, "मी सही करणार म्हणून आलेय, सही करूनच जाणार." शिंपीकाका म्हणाले, "कात्रीसारखं करा." मी मोठी भांडी फळीवरून काढली. मृत्युपत्रात ती आता नाहीत, घरातही नाहीत, जिन्यात आहेत.)

कलम सात. मधलं भांडं कोणाचं, हे पाणी ओतूनही ठरलेलं नाही. ते माझ्या मालकीचं नसल्यामुळे मला कोणाला देता येत नाही, एवढं मात्र वकिलांनी खात्रीने सांगितलं. ते सध्या माझ्या ओव्हनमध्ये आहे. केक आज चौघांना पुरेल.

वरील मजकूर मी वाचला, मला कळला तेवढा बरोबर आहे, आणि साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: मोठी
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, धड टेबल तिथेच असल्याने
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा शिंपी. सही करताना पाहिलं. कात्रीला धार लावावी लागेल.

साक्षीदार दुसरी: लहानी. माझ्यासमोर सही झाली. मला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मधलं भांडं इथे ठेवून जातेय, दवाखान्यातून आल्यावर ताईला लागेल. ते माझं आहे. पुढच्या रविवारी न्यायला येईन, तेव्हा तिने घरी असावं.