पिंपामागची भिंत

८ डिसेंबर, सोमवार
आज परत तेच. नाक्यावरून आलो तर ही हॉलमध्ये, टीव्ही बंद, आणि बंद टीव्हीकडेच बघत बसलेली. काय झालं विचारलं तर म्हणे काय नाय. जन्मभर कंडक्टरकी केली. तिकीट न काढलेला माणूस मला चेहऱ्यावरून कळतो. हिनं काहीतरी दडवलंय.

दसऱ्याला नव्या घरात राहायला आलो तेव्हापासून ही अशी. स्लॅब, टाइल्स, सिंक, काय कमी केलं? जुन्या घरात सारवून सारवून कंबर मोडायची तरी दिवसभर बडबड. आता आराम आहे तर तोंड शिवलंय.

१० डिसेंबर, बुधवार
मुरबाडला डॉक्टरकडे नेली. बीपी बरं, साखर बरी. म्हणाला, काकी, नीट जेवा, चार माणसांत बसत जा. चार माणसं काय मेडिकलमध्ये मिळतात?

पण एक टिपून ठेवतो. येताना टमटममध्ये शेजारच्या बाईशी ही तोंडभर बोलली. आमचं फाटक लागलं आणि गप्प. म्हणजे जे काय आहे ते घरातच आहे.

माझा संशय पारूवर. मागच्या घरातली, बाळ्याची बायको. बाळ्यानं बांध माझ्या बाजूला सरकवलाय, अख्ख्या पाड्याला माहीत आहे. आमचं जोतं भरलं तेव्हा त्या पारूनं लिंबूबिंबू पुरलं नसेल कशावरून?

१३, शनिवार
जोत्याभोवती सगळं उकरून पाहिलं. लिंबू नाय. मागं जायला लांबून वळसा घ्यावा लागला, कारण मागचं दारच ठेवलेलं नाय. चौकटीला जागा सोडलेली होती. पण कल्याणचा वास्तुवाला बोलला, नैऋत्येला दार नको, घरातलं सुख त्या दारानं निघून जातं. मग रमेश गवंड्याकडून विटांनी बुजवून घेतलं. ही तेव्हा म्हणालेली, राहू द्या हो मागचं दार. का ते तिनं सांगितलं नाय, मी विचारलं नाय. मला उलट बरंच वाटलं, रोज उठून बाळ्याचं थोबाड बघायला नको.

१६, मंगळवार
जेवणात वालाचं बिरडं. या घरात पहिल्यांदाच. भिजवा, मोड आणा, मग एकेक वाल सोलत बसा. जुन्या घरी मागच्या दारात बायका गोळा होऊन सोलायच्या, आणि गावभरच्या चौकशा. मी दाढी करून येईपर्यंत हिनं एकटीनं टोपभर सोलले? विचारलं, कुणी सोलले. म्हणे, "हातांनी." दोन हातांचं काम नाय ते. फाटकाची कडी तर मी लावून गेलो तशीच होती. वाढताना गुणगुणत पण होती.

बिरडं झकास झालेलं, तो भाग वेगळा.

१९, शुक्रवार
स्वयंपाकघरात, बुजवलेल्या दारापुढच्या तांदळाच्या पिंपाजवळ लाल भुकटी. उंदीर असता तर तांदूळ सांडला असता. ही विटेची. म्हणजे बाळ्या बाहेरून भिंत पोखरतोय! आधी बांध, आता भिंत. रमेशला लगेच फोन केला, त्या बुजवलेल्या जागेचं प्लास्टर राहिलंय ते करून टाक. रविवारी येतो म्हणाला. हिला सांगितलं तर हातातला कालथा खाली पडला.

२०, शनिवार
ही पिशवी भरतेय. माहेर म्हशाचं, दरवर्षी जत्रेला जाते. पण जत्रेला अजून अवकाश आहे. अंघोळीला गेली तेव्हा पिशवी तपासली. तपासू नये, तपासली. तळाशी लुगड्यात गुंडाळलेली विळी. लग्नात तिच्या आईनं दिलेली.

जत्रेला जाताना विळी कोण नेतं? परत न येणारी नेते. भीती वाटली, खरं सांगतो. जेवण गेलं नाय.

२१, रविवार
रमेश दुपारी येणार. हिला म्हटलं, नाक्यावर जाऊन येतो. फाटक वाजवलं आणि गेलोच नाय, स्वयंपाकघराच्या बाजूच्या खिडकीखाली बसलो. पिंप सरकल्याचा आवाज. डोकावलो.

पिंपामागच्या दोन विटा गायब. ही खाली बसलेली, भोकाला तोंड लावून. पलीकडून बांगड्यांचा हात आला, चटणीची वाटी सरकवली. पारूचा हात. म्हणजे भिंत हिनंच खरवडली!

"आता लिंपून टाकतील ना गो?" पारू.

"टाकू दे. मी चालले म्हशाला. मेला जीव घुसमटतो गो इथं माझा."

पारू माझ्याबद्दल काहीतरी बोलली. शिवीच असणार. त्यावर ही म्हणाली, "त्यांना नको बोलू. ते तरी कुठं सुखात आहेत? गाडीभर माणसं असायची त्यांच्याभोवती. आता भिंतींवर संशय घेत फिरतात."

मग कशावर तरी दोघी हसल्या. हिचं हे हसणं दसऱ्यापासून ऐकलं नव्हतं. राग आला, कुणाचा ते कळेना. तसाच बसून राहिलो, पायाला मुंग्या आल्या.

दुपारी
रमेशचा फोन. सिमेंट आहे ना घरी? आहे म्हटलं. मग म्हटलं, टेप पण आण, चौकटीचं माप लागेल कदाचित. कसली चौकट, काका? ये तर, म्हटलं.

बाळ्याचा बांध मी विसरलेलो नाय. वास्तुवाला पण काय खुळा नव्हता.

हे लिहितोय तोवर रमेशची बाइक फाटकाशी आली. ही पिशवी घेऊन समोर उभी. म्हणाली, "काय सांगणार त्याला?"

मी म्हटलं, "आधी विळी बाहेर काढ."

पिशवीकडे बघितलंन, माझ्याकडे बघितलंन. जागची हलली नाय.

"आधी रमेशशी बोला," म्हणते.